पान एकतीस

गॅसच्या मीटरमध्ये एक पौंड ऐंशी उरले होते
त्या मंगळवारी मी पहिल्यांदा लायब्ररीत शिरले.
वाचायला नव्हे. तिथली ऊब फुकट होती म्हणून.
हडर्सफील्डची थंडी यंदा अशी
की घरातल्या घरात श्वास दिसायचा,
आणि सुधन्वा दोन स्वेटर चढवून
अर्ज भरत बसायचा, बोटांवर फुंकर मारत.
गाद्यांचा कारखाना बंद पडून पाच महिने झाले होते.
अर्ध्या यॉर्कशरला झोपवणारा माणूस
रात्रभर छताकडे बघत पडायचा.

रेडिएटरला पाठ लावून बसायचं
तर हातात काहीतरी हवं,
नुसतं बसलं की लोक बघतात.
हाताला आलं ते ओढलं:
मोठ्या टाइपातलं, म्हाताऱ्यांसाठीचं,
चहा सांडून कडेला फुगलेलं.
एक बेट. एक पोस्टवाली बाई.
बाराव्या पानावर प्रेत.

मला बरं वाटलं.
खरंच सांगते, प्रेत बघून बरं वाटलं.
तिथे निदान काही वाईट घडलं
की कुणीतरी चौकशीला येतं,
दारोदार फिरून विचारतं,
आणि दोनशे ऐंशीव्या पानापर्यंत
कुणाचं काय चुकलं ते लावून देतं.
आमच्या दारात फक्त पाकिटं पडायची.

एकतिसाव्या पानावर, आकड्याच्या खाली,
पेन्सिलीचं बारीक वर्तुळ.
पुढच्या पुस्तकात तेच. त्याच्या पुढच्यातही.
काउंटरवरच्या डोरीनला विचारलं.
ती इकडेतिकडे बघून म्हणाली,
म्हाताऱ्यांची खूण असते ती, हे वाचून झालंय,
पुन्हा घरी नेऊ नकोस, असं स्वतःलाच सांगितलेलं.
कुणी सातव्या पानावर रेघ मारतं, कुणी फुली.
नियमात बसत नाही.
म्हणून आम्ही बघत नाही.

मग मी त्या वर्तुळाच्या मागे निघाले.
वर्तुळाला समुद्र चालायचा, विष चालायचं,
तीन तीन खून एका दमात चालायचे;
कुत्रं मरणाऱ्या पुस्तकात मात्र ते कधी भेटलं नाही.
कोण असेल? एकटी बाई? जुना खलाशी?
मांजर असेल का घरात?
माझ्या आधी कुणीतरी या धुक्यातून गेलंय
आणि पलीकडे सुखरूप पोचून
पुस्तक वेळेत परत केलंय,
एवढं मला पुरत होतं.

रात्री वीज वाचवायला दिवे बंद करून
मी सुधन्वाला बेट सांगायचे.
धक्क्यावरून वर आलं की डावीकडे मासळीचं दुकान,
त्याच्या मागे शिक्षिकेचं घर,
तिचा नवरा गेले तीन दिवस बेपत्ता.
एकदा वाटलं, हा झोपला.
तर रजईतून आवाज आला,
मग पोस्टवालीने ते पाकीट उघडलं का?
पैशांचा नसलेला
त्याचा कितीतरी दिवसांतला पहिला प्रश्न.
उघडलं, मी म्हटलं, वाफेवर धरून.
आमचं पाकीट फ्रिजवर होतं, आठवडाभर, तसंच.
सकाळी त्याने किटली लावली
आणि चाकूनेच फाडलं.

फेब्रुवारीत आलेल्या नव्या पुस्तकांत
एकतिसावं पान कोरं होतं.
मार्चमध्येही.
डोरीन काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.
ही एक चौकशी मला नको होती.
तिच्याकडून पेन्सिल तेवढी मागून घेतली
आणि आकड्याच्या खाली, अगदी बारीक, काढला
एक ळ.
या गावात तो दुसरं कोण काढणार?

काम अजून लागलेलं नाही.
काल दोन ठिकाणांहून नकार आला.
पण मी भांडी घासून वर गेले तर
टॉर्चच्या उजेडात सुधन्वा
माझं पुस्तक माझ्या पुढे वाचून बसलेला,
आणि आता कुणी मारलं ते सांगत नाही.
पाय थंडगार लावतो मला,
आणि नुसता हसतो.